हात समोर, तोंड बंद

रोज सकाळी शपथ घ्यायची म्हणजे काल घेतलेली रात्रीत उतरते की काय, हा प्रश्न मला चौथीत असताना पडला होता. बाईंना मी तो विचारला नाही, कारण आमच्या दहिसरच्या शाळेत प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. हात समोर धरायची होती. "हात समोर" असा हुकूम सुटला की सगळ्या शाळेचा उजवा हात पुढे यायचा, पुढच्या मुलीच्या वेणीला लागायचा, ती वळून डोळे वटारायची आणि आमचं देशावरचं प्रेम सुरू व्हायचं. सगळे आपले बांधव आहेत असं मी दहावीपर्यंत रोज सांगितलं, आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर त्याच बांधवांच्या झिंज्या उपटल्या. प्रतिज्ञेत "पाईक" असा एक शब्द आहे. तो म्हणजे काय हे मला शाळा सुटेपर्यंत ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

मोठी झाल्यावर हे मत आणखी पक्कं झालं. लग्नात सात पावलं एकदाच चालायची असतात. माझ्या नवऱ्याला रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी चालायला लावली असती तर तो दुसऱ्याच आठवड्यात पळून गेला असता. मंत्र्यांनाही एकदाच शपथ देतात, आणि ती त्यांना किती पुरते ते आपण बघतोच. रोजच्या रोज इमान तपासून घ्यायचं ते फक्त सहा वर्षांच्या पोरांचं. त्यांच्याकडून देशाला फारच धोका असावा.

ही मतं मी घरात मोठ्याने मांडते. नवरा उठून खिडकी लावून घेतो. तो मुळात शांत माणूस आहे, आणि अलीकडे तर फारच शांत झालाय. सासरे मात्र खिडकीपाशीच बसून असतात. ते मालवणकडचे, गिरणीत आयुष्य गेलं, गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीत आमच्याकडे आले. ते म्हणतात, "तुका सगळ्यातच खोट दिसता गो." आणि चहा मागतात.

आता माझ्या मुलीबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यामुळे लिहितेय.

माझी मुलगी बोलताना अडखळते. शब्द तिला सगळे येतात, माझ्याहून जास्त येतात, पण काही अक्षरं आली की ते दाराशीच अडकून राहतात. "भ" आणि "प" तर तिचे वैरीच. शेजारपाजारचे लोक याला एक शब्द वापरतात, तो मी लिहिणार नाही. तो ऐकला की माझं डोकं फिरतं आणि मी त्या शेजाऱ्यांशी महिनाभर बोलत नाही. असे बरेच महिने साठलेत. नातेवाईक तिच्या तोंडातला शब्द पुरा करून देतात आणि वर आपण केवढी मदत केली अशा चेहऱ्याने बघतात. ती पहिलीत असताना वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "गोड आहे हो, पण बोलतच नाही." बोलत नव्हतीच. हसं करून घेण्यापेक्षा गप्प बसणं स्वस्त, हे तिने सहाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला पालकांना बोलावलं होतं. मी बॅरिकेडला टेकून, तोंड वाकडं करून उभी होते. सोसायटीतल्या झेंड्याला जायचं टाळण्यासाठी मी शाळेतल्या झेंड्याला आले होते, एवढंच. हात समोर झाले, प्रतिज्ञा सुरू झाली. माझी मुलगी रांगेच्या टोकाला, माझ्यापासून दोन हातांवर. आणि मला तिचा आवाज ऐकू आला. अख्खा. एका दमात, एकही शब्द न अडकता, बाजूच्या पोरांच्या सुरात सूर मिसळून ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणत गेली. तो वैरी "भ" तर पहिल्याच शब्दात आहे. तो तिच्या तोंडून असा सुटला, जणू कधी अडलाच नव्हता.

मी रडले. बाजूच्या बाईंना वाटलं देशासाठी. त्यांनी मला रुमाल दिला.

स्पीच थेरपीच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, यात नवल नाही. अडखळणारी बरीच माणसं सगळ्यांबरोबर म्हणताना अडखळत नाहीत. आरती म्हणतील, पाढे म्हणतील, एकटं बोलायची वेळ आली की अडकतील. म्हणजे ज्या पोपटपंचीची मी जन्मभर टिंगल केली, ती माझ्या मुलीची दिवसातली एकुलती एक मोकळी मिनिटं होती. ती रोज सकाळी घाईने निघायची, आणि मला वाटायचं मैत्रिणींसाठी. ती प्रतिज्ञेसाठी निघायची. उशीर झाला आणि परिपाठ चुकला की दिवसभर तिचं तोंड उतरलेलं असायचं.

माझं मत मी बदललं नाही. फक्त घरात जरा हळू मांडू लागले, आणि नवऱ्याला खिडकी लावायचे कष्ट कमी झाले.

हे असं पाचवीपर्यंत चाललं. मग शाळेत झाडं लावण्याचा एक कार्यक्रम ठरला आणि संस्थेचे एक पदाधिकारी आले. कार्यक्रमाला येणारे पाहुणे उशिरा येतात अशी आपल्याकडे चांगली रीत आहे. हे गृहस्थ लवकर आले. परिपाठ चालू होता. ते मागच्या रांगांमागे हात पाठीशी बांधून उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रतिज्ञा ऐकली. म्हणजे आधीही ऐकली असणार, पण व्यासपीठावरून, जिथून ती छान ऐकू येते. मागे उभं राहिल्यावर कळतं की मागच्या रांगेतली पोरं नुसते ओठ हलवतात, कुणी मधलंच वाक्य गाळतो, कुणी पुढच्याच्या कॉलरमध्ये कागदाचा बोळा घालतो. गृहस्थांना धक्का बसला. झाडं लावताना त्यांनी भाषण केलं ते झाडांवर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली. प्रतिज्ञा मनापासून म्हटली जात नाही असं लक्षात आल्यामुळे, पाचवीपासून रोज एक विद्यार्थी हजेरी क्रमांकाप्रमाणे माइकवर येऊन एकट्याने प्रतिज्ञा म्हणेल. बाकीचे विद्यार्थी हात समोर धरून शांतपणे ऐकतील आणि मनातल्या मनात म्हणतील. त्यामुळे प्रत्येकाची प्रतिज्ञा तपासली जाईल.

ग्रुपवर टाळ्यांचे हात उगवले. एका वडिलांनी लिहिलं, स्टेज डेअरिंग वाढेल. एका आईने विचारलं, युनिफॉर्म रोजचा की पांढरा? मी एक मोठा मजकूर टाइप केला, त्यात मनातल्या मनात म्हटलेली प्रतिज्ञा कोण आणि कशी तपासणार, अशी नम्र पृच्छा होती. नवऱ्याने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "हे पाठवू नकोस यार. तिला तिथेच शिकायचंय ना?" मी पुसून टाकलं. मग एक टाळ्यांचा हात टाकला. तोही पुसला.

मुलगी तेव्हा जेवत होती. तिला वर्गात आधीच सांगितलं होतं. ती ताटातला भात कालवत राहिली, खाईना. शेवटी तीच म्हणाली, "आई, आता स-सगळ्यांबरोबर नाही म्हणायचं."

मला त्या पदाधिकाऱ्याला त्याने लावलेल्या झाडाला बांधून ठेवावंसं वाटलं.

मी मुख्याध्यापिकांना भेटायला गेले. बाई वाईट नाहीत. टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो, आणि बोलण्यात सतत "आपण". त्यांना वाटलं मी तक्रार घेऊन आले.

"आपला प्रतिज्ञेला विरोध आहे का?" त्यांनी दार लोटून घेत विचारलं.

"छे हो मॅडम," मी म्हणाले. "माझं म्हणणं रोज म्हणावी. सगळ्यांनी मिळून म्हणावी. जोरात म्हणावी."

स्वतःच्या तोंडून हे ऐकताना मला माझीच कीव आली. चौथीत पडलेला तो प्रश्न कुठल्या कुठे गेला होता आणि मी त्या खुर्चीत बसून रोजच्या शपथेची वकिली करत होते. नवरा असता तर त्याने खिडक्या उघडल्या असत्या.

मी त्यांना मुलीचं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "मग आपण तिचा नंबर वगळू. मी स्वतः माइकवर सांगते ना, की या मुलीला प्रॉब्लेम आहे, म्हणून हिच्याऐवजी पुढचा नंबर येईल, कुणी हसायचं नाही."

"म्हणजे जी गोष्ट वर्गाला माहितेय ती अख्ख्या शाळेला सांगणार?"

"समजून घेतील हो मुलं."

"त्यापेक्षा सगळ्यांनाच एकत्र म्हणू दिली तर?"

"ते वरून आलंय," बाई म्हणाल्या आणि वर पंख्याकडे बघितलं.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं की तुला म्हणावी लागणार नाही. तिने दप्तर फेकलं. माझी मुलगी वस्तू फेकत नाही. तो माझा खाक्या आहे. "मला व-वगळू नको सांग," ती म्हणाली. "मला वेगळं क-काढू नको सांग त्यांना." वर्गात वाचनाला तिला वगळतात, नाटकात तिला झाड करतात, तोंडी परीक्षा तिची बाईंच्या केबिनमध्ये होते. सगळं प्रेमाने. प्रतिज्ञा तेवढी एकच होती जिथे ती इतरांसारखी उभी राहायची, आणि आता तिथूनही तिला प्रेमाने बाहेर काढायचं चाललं होतं. ती म्हणाली, मी म्हणेन. मी परत जाऊन बाईंना सांगितलं, म्हणेल ती.

मग आमच्या घरात देशभक्तीला ऊत आला. संध्याकाळी मी, नवरा आणि सासरे, तिघं हॉलमध्ये हात समोर धरून ओळीने उभे राहायचो आणि मुलगी आमच्यासमोर. थेरपीच्या बाईंनी युक्ती सांगितली होती: सगळ्यांनी मिळून सुरू करायचं आणि मग एकेकाने गप्प व्हायचं, म्हणजे शेवटी ती एकटी उरेल. नवरा सर्वात आधी गप्प व्हायचा, त्याला सराव आहे. मग मी. सासरे मात्र थांबायचेच नाहीत. गावच्या शाळेत ते शिकले तेव्हा प्रतिज्ञा नव्हतीच, त्यामुळे ते नातीच्या पुस्तकाचं पहिलं पान डोळ्यांना लावून मोठ्याने वाचत सुटायचे. "थांबूचा कधी ता माका कळणा नाय," ते म्हणायचे. आम्ही थांबलो की ती अडकायची, आणि आजोबा पुढे निघून गेलेले असायचे. एकदा दार उघडं राहिलं. समोरच्या वहिनींनी आम्हाला तसे हात पुढे करून उभे असलेले बघितलं आणि विचारलं, "काय गं, नवीन काही व्रत का?" मी हो म्हटलं.

सराव करून काही झालं नाही. एकटी उरली की ती "भ"पाशी उभी राहायची. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, गळ्याची शीर फुगायची. मी तिच्या त्या गळ्याकडे बघून मनात सगळ्यांना शिव्या द्यायचे: त्या पदाधिकाऱ्याला, प्रतिज्ञा लिहिणाऱ्याला, देशाचं नाव दुसऱ्या कुठल्या अक्षराने सुरू न करणाऱ्या आपल्या पूर्वजांना.

तिचा नंबर आला त्या दिवशी मी हाफ डे टाकला. पालकांना आत सोडत नाहीत, म्हणून मी आणि सासरे फाटकाबाहेर, वडापावच्या गाडीशेजारी उभे होतो. फाटकाच्या गजांतून मैदान दिसतं. नवरा आला नाही. त्याला बघवणार नव्हतं, असं तो म्हणाला, आणि त्याबद्दल मी त्याच्यावर चिडले नाही.

"चेडवाक जमतला," सासरे म्हणाले. "तू गप रव." मी काही बोललेच नव्हते.

पी.टी.च्या सरांनी सावधान म्हटलं. पहिलीची बारकी पोरं सर्वांत पुढे, मोठी मागे. माझी मुलगी माइकपाशी गेली. माइक तिच्यासाठी खाली करावा लागला, त्याची करकर सगळ्या रस्त्याला ऐकू आली. सर म्हणाले, "हात समोर. तोंड बंद."

अख्ख्या शाळेचे हात समोर आले. तिचाही आला. आणि मग काहीच नाही. माइकमधून नुसता तिचा श्वास येत होता. "भ" येतच नव्हता. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मुख्याध्यापिका बाई पुढे सरकल्या, आता त्या माइक हातात घेणार आणि समजून घ्या मुलांनो म्हणणार हे मला दिसलं. मी फाटकाचा गज इतका घट्ट धरला की वॉचमन म्हणाला, "मॅडम, आत नाय जायचं हां."

तेवढ्यात पहिलीची पोरं सुरू झाली.

त्यांना नवीन नियम कळलाच नव्हता, किंवा कळून उपयोग नव्हता. त्यांच्या लेखी हात समोर म्हणजे सुरू करायचं. इतका वेळ हात समोर आहे आणि कुणी म्हणत नाही, हे त्यांना सोसवेना. एका कोपऱ्यातून बारीक चिरका आवाज निघाला, त्याला शेजारच्यांनी धरलं, मग दुसरीने, तिसरीने, आणि पहिलं वाक्य संपायच्या आत सगळी शाळा म्हणू लागली. मागच्या रांगा तर अशा ओरडत होत्या की त्या पदाधिकाऱ्याने यायला हवं होतं. आणि त्या सगळ्या कालव्याच्या वरून, माइकमधून, माझ्या मुलीचा आवाज येत होता. अख्खा. सर शिट्टी फुंकत होते, बाई हाताने गप्प गप्प करत होत्या, आणि ती डोळे उघडे ठेवून सगळ्या बांधवांना घेऊन शेवटपर्यंत गेली. मोठ्या मुलांपैकी किती जणांनी सवयीने म्हटली आणि किती जणांनी तिच्यासाठी, ते मला माहीत नाही. मला शोधायचंही नाही. मी हसत होते आणि माझं नाक वाहत होतं. वळून बघितलं तर सासऱ्यांनी वडापावच्या गाडीसमोर उजवा हात लांब केला होता, आणि ते अजून मधल्याच वाक्यात होते.

मग बाईंनी माइक घेतला. हा काय प्रकार आहे, त्या म्हणाल्या. एका मुलीला बोलायची संधी दिली तर आपल्याला दोन मिनिटं शांत राहता येत नाही? ही आपली शिस्त? आता सर्वांनी पहिला तास संपेपर्यंत हात समोर धरून इथेच उभं राहायचं. पहिलीची मुलं वर्गात जातील. बाकी कुणीही नाही.

ऊन वर आलं होतं. सगळे आपले बांधव आहेत असं रोज सांगणारी ती पोरं आयुष्यात एकदा तसं वागून बसली होती, आणि त्याबद्दल हात लांब करून उभी होती. सासरे म्हणाले, "ह्येका शिक्षा म्हणतत?" मी म्हटलं, "नाही बाबा, ह्याला मूल्यशिक्षण म्हणतात." आणि त्यांना वडापाव घेऊन दिला.

योजना पुढे महिनाभर चालली आणि मग परीक्षा आल्यावर सगळ्या योजनांचं होतं ते झालं. आता पुन्हा सगळे एकत्र म्हणतात. मागची रांग ओठ हलवते. रोज शपथ घ्यायला लावणं हा खुळेपणा आहे, हे माझं मत आजही आहे, कुणी विचारलं तर सांगते. कुणी बंद करायला निघालं तर मात्र आधी मला येऊन भेटावं.

त्या दुपारी मुलगी घरी आली तेव्हा तिचं नाक आणि कान उन्हाने लाल झाले होते. उजवा हात ती डाव्या हाताने धरून होती. मला वाटलं रडेल. मी पाणी दिलं, खांद्याला तेल लावायला घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी बक्षीस मिळालेल्या मुलांच्या चेहऱ्यावर बघितलंय.

"आई," ती म्हणाली, "बाई मला म्हणाल्या तू स-सावलीत बस. मी नाही बसले. शिक्षा स-सगळ्यांना होती."